मार्गारेटचं जहाज, फ्रेडरिकची जहागीर

शनिवार, रात्री

पोतेरं समुद्रात पडलं म्हणून जहाज वळवायला लावणारी बाई आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

साल 1679. ॲम्स्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेलं 'चार्ल्स' नावाचं जहाज. त्यावर यास्पर डांकार्ट्स नावाचा लाबादी या प्रोटेस्टंट पंथाचा एक माणूस होता, आपल्या पंथासाठी अमेरिकेत जागा बघायला निघालेला. तो रोज लिहून ठेवायचा, आणि चिडून लिहायचा. एक पोरगी पोतेरी खळबळत होती, त्यातलं एक हातातून सुटलं. झालं! जहाज वाऱ्याला तोंड करून उभं केलं, होडी खाली सोडली, लाटा उसळत असताना खलाशी जीव मुठीत धरून त्या चिंध्या शोधायला गेले. हुकूम अर्थातच मालकिणीचा. जहाज तिचं, त्यातला माल तिचा, कप्तानही तिच्या शब्दाबाहेर नाही. माणशी भाडं 75 गिल्डर (डच नाणं), तेही हॉलंडातच चुकतं करायचं. डांकार्ट्सने तिच्या हावरेपणावर तोंडसुख घेतलंय. माझी आजी मात्र म्हणाली असती, बाई हिशेबाला पक्की होती हो.

तिचं नाव मार्गारेट हार्डेनब्रुक. आणि मी खरं तर तिच्या नवऱ्याबद्दल वाचत होते.

न्यूयॉर्कच्या आमच्या हडसन लाइन रेल्वेवर 'फिलिप्स मॅनर' नावाचं स्टेशन आहे. इतकी वर्षं रोज त्यावरून जाते, पण कोण हा फिलिप्स, असं कधी मनात आलं नव्हतं. चिपळूणहून आई आली आहे, तिला घरात बसून कंटाळा आला होता, म्हणून आज तिला घेऊन त्या स्टेशनच्या गावी, स्लीपी हॉलोला गेले. पोकांटिको नदीच्या काठी फिलिप्सांची पाणचक्की आणि पांढरा दगडी वाडा अजून उभा आहे. नदी म्हणायची म्हणून, आपल्याकडे तिला ओढाच म्हटलं असतं.

फ्रेडरिक फिलिप्स 1626 साली फ्रिसलंडमधल्या बोल्सवर्डला जन्मला. न्यू ॲम्स्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, आला तो सुतार म्हणून, डच वेस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटच्या अमलाखाली. करवत-रंध्यापासून सुरुवात करून मरताना 52000 एकरांचा धनी झाला, ही गोष्ट इथे सगळीकडे कौतुकाने सांगतात. पण मध्ये 1662 साल येतं, ते पटकन उरकून टाकतात. त्या साली त्याने मार्गारेटशी लग्न केलं.

ती तेव्हा विधवा होती, पदरात लहान मुलगी. 1659 मध्ये एका नातेवाइकाच्या अडतीचं काम बघायला ती एकटी इथे आली होती. पीटर डी व्हरीस या व्यापाऱ्याशी लग्न केलं, तो 1661 मध्ये गेला, त्याचा धंदा तिने अंगावर घेतला. डच कायद्यात बाईला लग्नानंतरही स्वतःच्या नावाने व्यापार करता येई, करार करता येत, कोर्टात उभं राहता येई, माहेरचं आडनाव ठेवता येई. थोडक्यात, सुताराच्या घरात लक्ष्मी आली ती स्वतःची वही आणि स्वतःची गिऱ्हाइकं घेऊन. फ्रेडरिकने तिच्या मुलीला दत्तक घेतलं. बाप्तिस्म्यात मारिया, पुढे ईवा. ही ईवा लक्षात ठेवायची.

मग 1664. आपल्याकडे त्या वर्षाच्या जानेवारीत महाराजांनी सुरत मारली. इकडे त्याच सप्टेंबरात इंग्रजांनी एकही गोळी न झाडता न्यू ॲम्स्टरडॅम घेतलं आणि त्याचं न्यूयॉर्क केलं. फ्रेडरिकने इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आणि दुकान चालू ठेवलं. 1673 मध्ये डचांनी गाव परत घेतलं, 1674 मध्ये पुन्हा सोडलं. त्या मधल्या काळात श्रीमंतांची जी यादी झाली तीत हा पहिला, 80000 गिल्डर. झेंडा कुणाचाही चढो, याचं गलबत वाऱ्यावरच. पुढे 1689 मध्ये याकोब लाइस्लर या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कात बंड केलं तेव्हाही हा गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात होता. बरोबरचे मानकरी पळाले, अडकले. याने लाइस्लरपुढे मान तुकवली आणि घरी बसला. 1691 मध्ये लाइस्लर फासावर गेला आणि फ्रेडरिक मंडळात पूर्ववत. वीसहून अधिक वर्षं त्याने ती खुर्ची सोडली नाही. याला राजकारण म्हणायचं की नुसती चिकाटी, देव जाणे.

इंग्रजी कायद्याने मार्गारेटचं मात्र नुकसान झालं. लग्न झालेली बाई म्हणजे कायद्याच्या नजरेत नवऱ्यात विरघळलेली. कागदावर सगळं हळूहळू त्याच्या नावावर जाऊ लागलं. तरी 1679 च्या त्या जहाजावर कुणाचा शब्द चालत होता ते डांकार्ट्सने लिहून ठेवलंय. पोतेऱ्याच्या गोष्टीबद्दल मी त्या खवट माणसाची आभारीच आहे, नाहीतर बाईचा आवाज आपल्याला ऐकू आला नसता. 1691 च्या सुमारास ती गेली.

वाड्यासमोर रस्ता ओलांडला की जुनं डच चर्च. घंटेवर 1685 साल आणि लॅटिन वचन: देव आमच्या बाजूने असेल तर आमच्या विरुद्ध कोण? भिंतीत एक पाटी आहे, हे चर्च फ्रेडरिक फिलिप्स आणि त्याची बायको कॅथरीन व्हॅन कोर्टलंट यांनी 1699 साली बांधलं म्हणून. आईने चष्मा पुसून विचारलं, "अगं, आणि ती पोतेरंवाली कुठेय?"

नाहीये. कॅथरीन ही दुसरी बायको. 1692 मध्ये लग्न झालं, तीही विधवा, ब्रूअरीवाल्या ओलोफ व्हॅन कोर्टलंटची मुलगी, शहरातलं सगळ्यात वजनदार घराणं. खरी गंमत पुढे आहे. आदल्याच वर्षी ईवाचं लग्न कॅथरीनच्या भावाशी, याकोबुसशी झालं होतं. मी आईला बोटांवर मोजून दाखवलं, तर ती चर्चच्या दारातच हसत सुटली. "म्हणजे नणंद सावत्र आई झाली? आणि जावई तोच मेहुणा? आमच्याकडे याद्या करताना असं निघालं असतं तर भटजी उठून गेला असता!" शेजारच्या दोन अमेरिकन बायका आमच्याकडे बघत होत्या.

पण ही सोयरीक म्हणजे त्या काळची बँकच होती. पत होती ती नात्याची. सातासमुद्रापार माल पाठवायचा तर जावई, मेहुणा, साडू यांच्याच भरवशावर.

रविवार

सकाळी आई झोपलेली असताना एक यादी वाचली. 7 ऑगस्ट 1693 रोजी फ्रेडरिकचं जहाज, नाव पुन्हा 'चार्ल्स', मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर लागलं. तिथे ॲडम बाल्ड्रिज नावाचा जुना समुद्री चाचा दुकान थाटून बसला होता. त्याने पुढे जबानीत काय काय उतरलं ते सांगितलं: बुटांचे 44 जोड, ठिपकेदार सदरे, 12 टोप्या, रमची 5 पिंपं, मदेराची दारू, भोकं पडलेल्या दोन जुन्या भट्ट्या, जातं नव्हे पण धार लावायचे दोन दगड, करवती, तोफेच्या दारूची तीन पिंपं, भाजीपाल्याचं बियाणं, मुलांची अंकलिपी, धर्माची प्रश्नोत्तरी आणि दोन बायबलं. परतीचा माल: 1100 चांदीची नाणी, 34 गुलाम, 15 गुरं, लोखंडाच्या 57 कांबी.

दोन बायबलं आणि 34 माणसं. तीनदा वाचलं. त्या माणसाच्या आवाजात लाज नाही, फुशारकीही नाही, वाणी उधारीची वही वाचतो तसं.

सेंट मेरीच्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे चाच्यांचा, धंदा आपल्या समुद्रात चालायचा. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने हजहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' लुटलं, औरंगजेब खवळला, सुरतेच्या वखारीतले इंग्रज कोंडले गेले. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये आरडाओरडा केला आणि त्याचा चटका शेवटी हडसनकाठच्या म्हाताऱ्याला बसला. नवा गव्हर्नर बेलोमाँट चाच्यांशी संबंध असणाऱ्यांच्या मागे लागला आणि 1698 मध्ये फ्रेडरिकची सल्लागाराची खुर्ची गेली. सुरतेत काय घडतं आणि कुणाचं आसन हलतं! शाळेत आपण सुरत शिकलो ती फक्त 1664 आणि 1670 पुरती.

तोवर त्याला काही कमी नव्हतं. 1693 मध्ये राजाने सनद देऊन त्याच्या जमिनीची जहागीर केली होती. त्याच साली मॅनहटनच्या टोकाला त्याने किंग्ज ब्रिज बांधला आणि त्यावर टोल लावला. टोलनाक्याला शिव्या घालायची परंपरा या भागात तेव्हापासूनची.

पण पाणचक्की फिरवत कोण होतं? 1685 मध्ये 'चार्ल्स'ने आफ्रिकेहून काँगो नदीच्या मुखाजवळून माणसं भरून आणली. वाटेत मेली ती मेली, बहुतेक बार्बाडोसला विकली, नऊ जण न्यूयॉर्कजवळच्या राई बंदरात उतरवून फिलिप्सच्या जमिनीवर आणले. तेव्हा मार्गारेट हयात होती. पोतेऱ्यासाठी जहाज थांबवणारी बाई याच जहाजांच्या हिशेबावर बसलेली होती. कालपासून मी तिचं कौतुक करतेय, त्यातलं थोडं मागे घ्यावं लागणार. सगळं नाही.

फ्रेडरिक 1702 मध्ये वारला. मोठा मुलगा फिलिप बापाच्या आधीच बार्बाडोसला गेलेला, म्हणून त्याच्या पोराला, म्हणजे नातवाला, मृत्युपत्रात वाटा. त्यात हॅरी नावाचा माणूस बायको आणि मुलासकट, आणि पुढे 'योंकर्स' ही बोट तिच्या सगळ्या साहित्यासकट. बायको, मुलगा, साहित्य. वाक्यरचना एकच.

स्लीपी हॉलोची ही चक्की धाकट्या मुलाकडे, ॲडॉल्फकडे गेली. तो आयुष्यभर बिनलग्नाचा राहिला आणि 1750 मध्ये गेला. तेव्हा झालेल्या मालमत्तेच्या मोजदादीत इथल्या 23 गुलामांची नावं आहेत. चक्की चालवणारा सीझर, बोट हाकणारा डायमंड. दळणातलं सगळं कळणारा माणूस तो पहिला, न्यूयॉर्कपर्यंत पीठ पोचवणारा माणूस तो दुसरा. मालक बहुधा शहरातच असायचा. वारस पुतण्याला माणसं नको होती, त्याने वर्तमानपत्रात विक्रीची जाहिरात दिली आणि 23 जणांची पांगापांग झाली. काल वाड्यात गाइडने ही नावं एकेक करून घेतली, तेव्हा आई, जिला इंग्रजी अर्धंच कळतं, ती एकदम गप्प झाली होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, पोरांची वयंसुद्धा लिहिली होती का गं?

हो.

ईवाकडे येते. तिची मुलगी मेरी, तिने पीटर जे याच्याशी लग्न केलं. त्यांचा मुलगा जॉन जे, अमेरिकेचा पहिला सरन्यायाधीश. न्यूयॉर्कचा गव्हर्नर असताना 1799 मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याच्या कायद्यावर त्याने सही केली. स्वतःकडे गुलाम असतानाच, हेही खरं. म्हणजे मार्गारेटचा पणतू.

जहागिरीचं सांगायचं तर पणतूच्याच पिढीत ती बुडाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तिसरा फ्रेडरिक इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा. पणजोबा असता तर वारा बघून शीड फिरवलं असतं, याला ते जमलं नाही. 1776 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने अटक झाली, 1779 मध्ये सगळी जमीन जप्त. इंग्लंडात चेस्टरला वारला. जमिनीचे तुकडे करून विकले, बरेचसे पिढ्यान् पिढ्या खंड भरणाऱ्या कुळांनीच घेतले. आपल्याकडच्या कुळकायद्याची आठवण आईलाच झाली, मला नाही.

आणि पाणचक्कीसकट वाड्याची 750 एकर जागा 1785 मध्ये जेरार्ड बीकमनने घेतली. त्याची बायको कोर्नेलिया. माहेरची व्हॅन कोर्टलंट.