एमजीबीतून ॲबिंग्डनला

शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आज त्यांच्या १९६७ च्या एमजीबी रोडस्टरमधून, म्हणजे उघड्या छताच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधून, मला इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला नेले, जिथे १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून सुमारे पाच लाख एमजीबी तयार झाल्या. वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेल्या या गाडीत बराचसा भार दारांखालच्या पोलादी पट्ट्या पेलतात आणि नेमक्या त्याच आधी गंजतात. म्हणून जुनी एमजीबी घेताना चकचकीत रंगावर भुलू नये, असे त्यांनी मला दोनदा बजावले. (मी घेणार आहे असे त्यांना का वाटले, देव जाणे!) त्यांनी त्या पट्ट्या कापून नव्या बसवल्या, तेव्हा सांगाडा वाकू नये म्हणून दाराच्या जागी तात्पुरते लोखंडी आधार वेल्ड केले होते. १७९८ सीसीचे इंजिन आणि एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर मात्र मूळचेच आहेत. छत उघडे असल्यावर ताशी पन्नास मैलही पुष्कळ वाटतात.