हिचा ए, माझा ओ

ही मला किडनी द्यायला तयार होती, पण रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर परतीच्या एसटीत आम्ही दोघं गप्पच होतो. हिचा ए, माझा ओ. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी घोट मोजून, आणि किडनीच्या यादीत माझा नंबर कुठेतरी खाली.

पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, तरीही करता येईल. माझ्या रक्तातल्या ए-विरोधी अँटिबॉडी, म्हणजे ए गटावर हल्ला करणारी प्रथिनं, आधी उतरवायची. त्यांचं मोजमाप, म्हणजे टायटर, आलं १:२५६. म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, सीरम, २५६ पट पातळ केलं तरी ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या होत होत्या. हवं होतं १:८.

कागदांनी दमवलं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बायको जवळची नातेवाईक, तरी लग्नाची नोंद हवी, आणि आमची नव्हती. वीस वर्षांच्या संसारानंतर ती केली. कॅमेऱ्यासमोर हिला विचारलं, कुणाचा दबाव? ही म्हणाली, "दबाव कसला, हेच नको म्हणत होते."

मग अँटिबॉडी नव्यानं बनू नयेत म्हणून रिटुक्सिमॅब हे औषध, आणि पंधरा दिवसांनी प्लाझ्मा बदलणं. मशीन रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे अँटिबॉडी असलेला पातळ भाग, काढून टाकतं, बदल्यात अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा एबी गटाचा प्लाझ्मा देतं. त्यात ए-विरोधी अँटिबॉडी नसतात. ओठांना मुंग्या यायच्या, की सिस्टर कॅल्शियम द्यायची. ६४, ३२, १६... एक दिवस सुट्टी, की पुन्हा ३२! आई रोज फोनवर विचारायची, "आज आकडा किती आला?" मटक्यासारखं झालं होतं. सहाव्या वेळी ८ आलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

पहिले दोन आठवडे टायटर रोज. तिसऱ्या आठवड्यात ते ३२ झालं आणि माझे हातपाय गळाले. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन मात्र १.२ वरच, म्हणजे ठीक. डॉक्टर शांत. म्हणाले, आता किडनीनं जुळवून घेतलंय; अँटिबॉडी आहेत, पण तिला बाधत नाहीत.

"मग शरीरानं किडनी नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या बंद?"

हसले. ती सहनशीलता वेगळी, म्हणाले. शरीरानं किडनी आपलीच मानायची. बोस्टनमध्ये दात्याचा अस्थिमज्जाही सोबत देऊन पाच जणांवर तो प्रयोग झाला, २००८ साली छापून आला. चौघांची औषधं सुटली, एकाची किडनी गेली. हिची किडनी तशी डावाला लावायची माझी तयारी नाही.

तर टॅक्रोलिमस, त्यातलीच एक गोळी, सकाळी नऊ, रात्री नऊ. हात थरथरतो, चहा बशीत सांडतो. गणपतीत पपनस आलं. त्यानं औषधाची पातळी चढते, म्हणून मला बंद. मी सोललं, हिनं खाल्लं.