बेरिंगना नंबर काय शे?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडं केळीला भाव काय? दुसरा असतो, तुम्ही बागेत त्या चार चाकांच्या मोटारसायकलीवर फिरता, ती केवढ्याला पडते? किमतीचं मी सांगतो, पण खरा खर्च तिला चालती ठेवण्यात आहे. आज तेच लिहितो.

मी ज्या भागात काम करतो तो टलीचा, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा उत्तरेकडचा किनारा. इथली केळी म्हणजे आपल्या ग्रँड नैनचीच भावंडं. पाऊस मात्र आपल्या कल्पनेबाहेरचा. जळगावला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. टलीत १९५० साली जवळपास ७,९०० पडला होता. त्याची आठवण म्हणून गावात तेवढ्याच उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय. चिखलाशी इतकी दोस्ती मी दुसरीकडं पाहिली नाही.

या चिखलात क्वाड बाइक, म्हणजे तीच चार चाकांची गाडी, दिवसभर पळते. पण तिला मारतो तो चिखल नाही, धुणं मारतं. २०१५ मध्ये याच भागात केळीची झाडं वाळवणाऱ्या पनामा या बुरशीच्या रोगाची टीआर-४ ही जात सापडली. बुरशी मातीतून पसरते आणि वर्षानुवर्षं मातीत टिकते. त्यामुळं बागेत शिरताना आणि निघताना टायर, चेसिस, बूट, सगळं धुवायचं आणि जंतुनाशक मारायचं. नियम योग्यच आहे. आपल्याकडं सीएमव्ही या विषाणू रोगानं बागा उपटाव्या लागलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण प्रेशरचा फवारा थेट चाकाच्या सीलवर बसतो, सीलच्या रबरी ओठाखालून पाणी आत शिरतं, ग्रीसचं दूध होतं आणि थोड्याच दिवसांत बेरिंग करकरायला लागतं.

त्यात इथं नव्या क्वाडला उलटली तरी चालकाला वाचवणारी कमान ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची झाली. त्या सुमारास होंडा आणि यामाहा यांनी इथं नव्या शेती-क्वाड विकणं बंद केलं. बरेच शेतकरी जुन्याच गाड्या सांभाळून वापरतात. आमचीही जुनीच आहे.

पहिल्यांदा चाक हलायला लागलं तेव्हा डीलरकडं गेलो. त्यानं मॉडेल आणि साल विचारलं, पडद्यावर चित्र उघडलं आणि किंमत सांगितली. एका डॉलरला पन्नासच्या वर रुपये लागतात हा हिशोब डोक्यातून जात नाही, त्यामुळं मी पार्ट न घेता परत आलो आणि रात्री नानाला व्हिडिओ कॉल लावला. नाना म्हणजे माझा चुलतभाऊ, चोपडा तालुक्यात जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरतो आणि पंप दुरुस्त करतो. गाडी कोणती, कंपनी कोणती, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "बेरिंगना नंबर काय शे?" म्हणजे बेरिंगचा नंबर काय आहे?

हब उघडून बेरिंग ठोकून काढलं. वर गंज आणि काळं ग्रीस. डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं कडा घासली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा बाहेरच्या रिंगवर उमटलं: ६२०५, पुढं २आरएस. नाना हसला. हे तर आमच्या मोटारीत रोज बसतं म्हणाला. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याच्या पुढचे असतील तर त्यांना पाचनं गुणलं की आतल्या भोकाचं माप: ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. बाहेरून ५२, जाडी १५. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. हे माप जगभर एकच. गाडी जपानची असो, मोटर कोइमतूरची असो, बेरिंगला त्याचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बेरिंगच्या दुकानात नुसता नंबर सांगितला. नावाजलेल्या कंपनीचं बेरिंग डीलरच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात मिळालं. ऑइल सीलचंही तसंच: त्यावर तीन आकडे असतात, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. ते तीन सांगा, गाडीचं नाव घेऊच नका. मात्र प्रत्येक गाडीत साधं बेरिंग नसतं. काहींत खास मापाचं येतं, तिथं निमूट डीलरकडंच जावं लागतं. म्हणून जुनं काढून पाहिल्याशिवाय नवं मागवू नये.

नानाच्या आणखी दोन युक्त्या इथं कामाला आल्या. नव्या बेरिंगचं रबरी सील पातळ ब्लेडनं अलगद उचलायचं, आत कंपनीनं ग्रीस थोडंच भरलेलं असतं, तिथं बोटींचं पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरायचं आणि सील परत दाबायचं. बसवताना जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग मध्ये धरून तिच्यावर ठोकायचं. आतल्या रिंगवर घाव बसला तर नवं बेरिंग पहिल्याच दिवशी जायबंदी. बेरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवलं तर आणखी सोपं जातं. मटारच्या पिशवीशेजारी बेरिंग पाहून माझ्या बायकोनं काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

ऑइल फिल्टरही नंबरावर मिळतो. होंडाच्या बऱ्याच क्वाडना हायफ्लो कंपनीचा एचएफ ११३ बसतो. एअर फिल्टर स्पंजचा असतो, तो तर विकतच घेऊ नका: साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, फिल्टरचं तेल लावा. पेट्रोलमध्ये धुतला तर डिंक सुटतो. इंजिन ऑइल स्वस्त चालेल, पण क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए लिहिलेलं हवं. कारचं तेल ओतलं तर क्लच घसरतो.

ब्रेक शू आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट मात्र मी कंपनीचेच घेतो. या गाड्या उतारावर उलटून माणसं मेल्याच्या बातम्या इथं दर हंगामात वाचतो, तिथं कंजुषी नको. हँडल, मडगार्ड, रिम यांच्यासाठी भंगारवाला उत्तम. आपल्या जळगावच्या अजिंठा चौफुलीवर फिरल्यासारखंच वाटतं, फक्त घासाघीस करणारा मी एकटाच असतो.

"जळगावहून पाठवू का?" असं बरेच जण विचारतात. बेरिंगपेक्षा कुरिअर महाग पडतं. सामानातून कोणी आणणार असेल तर नवं, खोक्यातलं आणि बिलासकट आणा. वापरलेल्या पार्टवर मातीचा कण दिसला तरी इथले विमानतळावरचे लोक अडवतात. आणि घेताना दुकान ओळखीचं बघा, एसकेएफ कंपनीच्या नावाचं नकली बेरिंग दोन्हीकडं सुटलंय. कंपनीचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यातून शंका असलेल्या बेरिंगचे फोटो पाठवून विचारता येतं. नानाला ॲप लागत नाही, तो खोक्याची छपाई बघूनच परत करतो.