कळप मालकाचा, हिशोब मेंढपाळाचा

बायबलमधल्या यहेज्केलच्या ३४ व्या अध्यायातले ‘मेंढपाळ’ म्हणजे चर्चमधले पाळक नव्हेत, मुळात तरी नव्हेत. ते यहूदा राज्याचे राजे आणि त्यांचे दरबारी. त्या काळी राजाला मेंढपाळ म्हणणं सर्रास चाले. बाबेलचा राजा हम्मुराबीसुद्धा आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतो. म्हणून हा अध्याय ३३:२१ पासून वाचावा. यरुशलेम पडल्याची (इ.स.पू. ५८६) बातमी बाबेलात नेलेल्या निर्वासितांपर्यंत तिथे पोचते, आणि त्यानंतर लगेच हे आरोपपत्र येतं.

आरोप मोघम नाहीत. दुबळ्या मेंढीला बळ दिलं नाही, आजारीला बरं केलं नाही, मोडलेल्या पायाला पट्टी बांधली नाही, भरकटलेली परत आणली नाही, हरवलेली शोधली नाही. मात्र लोकर अंगावर घेतली आणि धष्टपुष्ट तेवढी कापून खाल्ली. आता लोकर आणि दूध घेण्यात गैर काही नव्हतं, तो मेंढपाळाचा मेहनताना. काम न करता तो उचलला, हा गुन्हा.

याच्या मुळाशी जुना व्यवहार आहे: मेंढ्या मालकाच्या, राखायच्या मेंढपाळाने, आणि हिशोबही त्यानेच द्यायचा. सिन्नर-येवल्याकडे कांदा निघालेल्या रानात धनगरांचा वाडा उतरतो, वाघूर (मेंढ्यांभोवतीचं जाळीचं कुंपण) लावलेली असते, तरी एखाद्या रात्री बिबट्या मेंढी मारतो. मग वनखात्याचा पंचनामा होईपर्यंत उरलंसुरलं धड हलवायचं नाही, तोच भरपाईचा पुरावा. निर्गम २२:१३ मध्ये अगदी असाच नियम आहे: जनावर फाडलं गेलं असेल तर पुरावा आणून दाखव, भरपाई द्यावी लागणार नाही. आमोस ३:१२ मधले सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेले दोन पाय किंवा कानाचा तुकडा हाच तो पुरावा. फरक एवढाच की इथे मेंढ्या बहुधा धनगराच्या स्वतःच्या, तिथे दुसऱ्याच्या. सासऱ्याची मेंढरं राखणारा याकोब त्या सासऱ्याला, लाबानाला, सुनावतो की फाडलेल्या जनावरांचं नुकसान मी स्वतः सोसलं (उत्पत्ती ३१:३९). म्हणूनच यहेज्केलमध्ये देव ‘माझी मेंढरं’ असं पुन्हापुन्हा म्हणतो आणि ती राजांच्या हातून परत मागतो.

राजांनी काय केलं ते यिर्मया २२ मध्ये दिसतं. यहोयाकीमने मजुरांना फुकट राबवून मोठा वाडा बांधला, गंधसरूची तक्तपोशी केली, वर लाल रंग दिला. शेवटचा राजा सिद्कीया तर तट फुटल्यावर रात्री निसटला. यरीहोच्या मैदानात पकडला गेला तेव्हा त्याचं सगळं सैन्य पांगलेलं होतं. योहान १० मधला लांडगा पाहून पळणारा मोलकरी (मजुरीवर मेंढरं राखणारा) वाचताना मला हाच आठवतो.

मार्क ६:३४ मध्ये येशूला लोकसमुदाय ‘मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा’ वाटतो. हे शब्द गणना २७:१७ मध्ये मोशे वारस मागताना वापरतो, आणि १ राजे २२:१७ मध्ये मीखाया संदेष्टा अहाब राजाच्या तोंडावर ऐकवतो, तेही लढाईत राजा मरणार हे सांगण्यासाठी. मार्कने हे वाक्य हेरोद राजाची मेजवानी आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद यांच्या पाठोपाठ ठेवलंय. तिथे नुसती करुणा वाचणाऱ्यांच्या हातून अर्धा अर्थ, राजावरचा आरोप, निसटतो.

यहेज्केल ३४ वरची प्रवचनं बहुधा १६ व्या वचनाशी थांबतात, कारण तिथे देव स्वतः कळप राखायला घेतो आणि शेवट गोड होतो. पण १७ पासून तो मेंढरांकडे वळतो. धष्टपुष्ट मेंढरं चांगलं कुरण चरतात आणि उरलेलं तुडवतात, स्वच्छ पाणी पितात आणि उरलेलं पायांनी गढूळ करतात, दुबळ्यांना कुशीने नि खांद्याने ढकलतात, शिंगं मारून बाहेर काढतात. राजा गेल्यावर जमिनी, विहिरी बळकावणारे बडे लोक हेच असावेत, असं माझं वाचन. त्यांचाही निवाडा होतो, मेंढरू आणि मेंढरू यांच्यातला. दावीदाच्या वंशातल्या एका मेंढपाळाचं वचन त्याच्यानंतर येतं, २३ व्या वचनात.