पेश्तातली चाळ आणि नेनी

बुडापेस्टच्या पेश्त भागात भाचा राहतो ती इमारत पाहून मी दारातच थबकलो. मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, गॅलरीतच उघडणारी घरांची दारं. गिरगावातली आमची चाळच, फक्त रेडिओ आणि भांडणं वजा केलेली. या गॅलरीला इथे ‘गांग’ म्हणतात.

समोरच्या गांगवर राहणाऱ्या बाई नव्वदीच्या आहेत. सगळे त्यांना नेनी म्हणतात, म्हणजे मावशीच. सूनबाई त्यांच्याकडे हंगेरियन शिकते. ‘चोकोलोम’ म्हणा, असं तिने मला जिन्यातच पढवलं होतं. मुलं मोठ्या बायकांना असा नमस्कार करतात. साठीचा गडी पोरासारखा ‘चोकोलोम’ म्हणाला म्हणून नेनी मनसोक्त हसल्या आणि खसखशीचा गुंडाळलेला केक पुढे आला. खसखस सढळ हाताने, आपल्या अनरशासारखी वरून भुरभुरलेली नव्हे.

तीन दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. पहिल्या दिवशी युद्धाचा विषयच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मी चाळीबद्दल बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग तुम्हाला ताऱ्याचं घर समजेल.’

मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत आल्या. एप्रिलपासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. नेनी नऊ वर्षांच्या होत्या. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत बुडापेस्टबाहेरच्या खेड्यापाड्यांतून आणि शहरांतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू आगगाड्यांनी हलवले, बहुतेक सगळे औश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत. बुडापेस्टच्या ज्यूंना जूनमध्ये शहरभरच्या सुमारे २,००० ठरावीक इमारतींत कोंबलं. दारावर मोठा पिवळा तारा, एका कुटुंबाला एक खोली, आणि बाहेर पडायला सुरुवातीला दुपारी २ ते ५ एवढीच मुभा. तोवर दुकानांत उरलेलं काय असणार?

नेनींच्या इमारतीतही असाच चौक होता. तिथे एक राखणदार असे, हाझमेश्तेर. फाटकाची किल्ली त्याच्याकडे. रात्री उशिरा येणाऱ्याने त्याच्या हातावर नाणं ठेवायचं, मग फाटक उघडणार, ही शहराची जुनी रीत. ऑक्टोबरात ॲरो क्रॉसवाले, म्हणजे हंगेरीतलेच नाझी पंथाचे लोक, सत्तेवर आले. नोव्हेंबरातल्या एका पहाटे त्यांची माणसं आली.

‘त्या दिवशी त्याने नाणं मागितलं नाही,’ नेनी म्हणाल्या.

आईला ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडे पायी नेलं. ती परतली नाही. आजीबरोबर नेनी घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत गेल्या. तिथे सुमारे ७० हजार माणसं होती. १८ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैनिक आले, तेव्हा आजीने त्यांना आधी ब्रेड मागितला. हे सांगताना नेनींनी केकचा चुरा बोटाने गोळा केला आणि खाल्ला. राखणदाराबद्दल मात्र त्या आणखी एक सांगतात: त्याची बायको तीन दिवस गुपचूप वाटीभर घेवड्याचं सूप आणून देत होती. ‘कोणत्या खात्यात मांडू?’ असं म्हणून त्यांनी हात झटकला.

डॅन्यूबच्या काठचे लोखंडी बूट मी आदल्या दिवशी पाहिले होते. काठावर गोळ्या घालून नदीत ढकललेल्या ज्यूंची आठवण म्हणून तिथे ६० जोड आहेत. तिथे सेल्फी काढणारी पोरं पाहून मी चडफडलो होतो. नेनी तिकडे जात नाहीत. ‘बूट तरी पाहतात ना,’ एवढंच बोलल्या.

निघताना मला काहीतरी दिलासा द्यावासा वाटला. माझं आजोळ अलिबागचं. तिथली इस्रायल आळी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, त्यांची मराठी, हे सगळं मी अभिमानाने सांगितलं. आमच्याकडे त्यांना कुणी त्रास दिला नाही, हेही.

नेनींनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक. ‘आम्हीही शेजाऱ्यांसारखंच हंगेरियन बोलत होतो,’ त्या म्हणाल्या. मग सूनबाईकडे वळून काहीतरी विचारलं. तिने जरा थांबून मला सांगितलं:

‘नेनी विचारताहेत, तुमच्या चाळीच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते?’

मी म्हटलं, फाटकच नाही. त्यांनी मान डोलावली आणि उरलेला केक कागदात बांधायला घेतला.