हिमोग्लोबिन साडेतेरा, तरीही तोल जातो

पंचवटीतले काका माळकरी, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जाणारे. यंदा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ओपीडीत आले. "कापसावर चालल्यागत वाटतं. चप्पल वाटेत गळाली तरी पत्ता लागत नाही."

"रक्त कमी होतं, तेही भरलंय," मुलाने फाईल पुढे केली. हिमोग्लोबिन साडेतेरा. फोलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली, मेडिकलमधून आणून चालूच ठेवलेली. शुगरसाठी मेटफॉर्मिन तर कैक वर्षांचं. तळव्यांना येणाऱ्या मुंग्यांचं खापर सगळ्यांनी शुगरवरच फोडलं होतं.

"तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारलं की पुढे झोक जातो," काका जाता जाता बोलावं तसं बोलले. मी लगेच त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मिटताच कलंडले; मुलाने धरलं. मग ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"काय जाणवतं?"

"गार लागतंय."

"आणि थरथर?"

"कसली थरथर?"

घोट्यावरही तेच. गार-गरमची जाणीव मज्जारज्जूतून वेगळ्या वाटेने जाते. कंप आणि पाय कुठे आहे याची खबर मागच्या भागातून. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की तिथलं मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, आधी झिजतं. रक्तपेशी घडवायला फोलिक ॲसिड आणि बी-१२ दोन्ही लागतात, पण फोलिक ॲसिडचा डोस मोठा असेल तर एकट्यावर रक्ताचं भागून जातं. मायलिनचं भागत नाही. रिपोर्ट सुधारतो आणि सगळे निर्धास्त होतात. त्यात काका शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं, आणि मेटफॉर्मिननेही बी-१२ घटतं. तपासणीत ते फारच कमी निघालं.

सून दाराशी ऐकत होती. "मग माझीही फोलिक ॲसिडची गोळी बंद करू का? बाळाचा विचार चाललाय म्हणून मॅडमनी दिलीये."

"तुझी अजिबात नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. बाळाच्या मेंदूची नि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. गोळी त्याआधीपासून पोटात हवी. रोज ४०० मायक्रोग्रॅम. ब्रिटनमधल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१च्या चाचणीत, आधीच्या बाळात ही नळी न मिटण्याचा दोष असलेल्या स्त्रियांना मोठा डोस दिला, तेव्हा पुन्हा तो होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. एकाच घरात एकाच नावाच्या दोन गोळ्या, एक थांबवायची, दुसरी चुकवायची नाही. दोघांना पटवण्यात माझा चहा गार झाला.

काकांना बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली. काही महिन्यांनी काठी टेकत एकटे आले. तोल पुष्कळ सावरलाय. तळव्यांच्या मुंग्या मात्र आहेत, आणि त्या पूर्ण जातील असा शब्द मी त्यांना दिलेला नाही.