हॅन्क विल्यम्सच्या मागावर: अटलांटा, नॅशव्हिल, माँटगोमेरी

हॅन्क विल्यम्स म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा गाजलेला गायक. त्याच्या जागा बघायला लाँग वीकेंडला गाडीने निघालो, मी, नवरा आणि भारतातून आलेले सासरे. अप्पा नाट्यसंगीतवाले, कंट्री म्युझिक म्हटल्यावर "ते घोड्यावरचे का?" असं विचारून गाडीत बसले.

पहिल्या दिवशी नॅशव्हिल, अटलांटाहून साधारण चार तास. इथे एक घोळ करू नका, रायमन ऑडिटोरियम आणि ग्रँड ओल ऑप्री (कंट्री म्युझिकचा जुना, गाजलेला रेडिओ शो) या आता दोन वेगळ्या जागा आहेत, शो कुठे आहे ते तिकिटावर नीट वाचा. ऑप्री १९४३ ते १९७४ रायमनमध्ये व्हायची, मग डाउनटाउनपासून लांब नवीन थिएटर बांधलं आणि जाताना जुन्या स्टेजचा सहा फुटी गोल कापून तिथे बसवला. आम्ही दिवसा रायमनची टूर घेतली. १८९२ ची प्रार्थनेसाठी बांधलेली इमारत, अजून चर्चसारखे लाकडी बाक, तासाभरात पाठ बोलायला लागते. जून १९४९ मध्ये हॅन्क इथे पहिल्यांदा गायला आणि लोकांनी म्हणे सहा वन्स मोअर घेतले. हे ऐकून अप्पा एकदम सरसावून बसले. आणि तीनच वर्षांत दारूपायी त्याच ऑप्रीने त्याला डच्चू दिला.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये दिवसभर लाइव्ह गाणी, बहुतेक ठिकाणी एन्ट्री फुकट, पण बँडचं पोट टिपवर चालतं तेव्हा सुटे डॉलर ठेवा. मुलं असतील तर दुपारीच जा, संध्याकाळनंतर बऱ्याच ठिकाणी २१ च्या खालच्यांना घेत नाहीत. पार्किंगला आम्ही चांगलेच कापले गेलो, हॉटेलवर गाडी ठेवून चालत जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आय-६५ हायवेने सरळ खाली अलाबामातलं माँटगोमेरी, साडेचार तास धरा. खरं तर ट्रिप इथेच वसूल झाली. कॉमर्स स्ट्रीटवरच्या हॅन्कच्या छोट्या म्युझियममध्ये त्याची निळी १९५२ ची कॅडिलॅक गाडी आहे. हवा खराब म्हणून विमान रद्द झालं, तेव्हा ओहायोतल्या कार्यक्रमाला तो या गाडीने निघाला, चालवायला एक कॉलेजातला पोरगा, आणि १ जानेवारी १९५३ ला मागच्या सीटवरच गेला. वय २९. अप्पा त्या मागच्या सीटपाशी बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत, आणि म्युझियमची वेळ आधी बघून घ्या, लवकर बंद होतं.

ज्याच्याकडून हॅन्क लहानपणी गिटार शिकला तो रूफस पेन, टी-टॉट म्हणायचे त्याला, रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलाकार. माझ्या मते त्याच्यावरच एक वेगळं म्युझियम हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओकवूड स्मशानभूमी. हॅन्क आणि पहिली बायको ऑड्री शेजारी शेजारी, खाली दगडात कोरलेली त्याची हॅट. अप्पा वाकले, हात लावून बघितलं, "अगं, हे तर प्लॅस्टिकचं गवत!" चाहते आठवण म्हणून खरं गवत उपटून न्यायचे, म्हणून हे घातलंय. अप्पांनी पण खिशात टाकायला एक बारकासा खडा उचलला होता, नवऱ्याने डोळे वटारल्यावर गुपचूप परत ठेवला.

तिथून अटलांटा अडीच तास, पण टाइम झोन बदलतो, घड्याळ एक तास पुढे जातं, जेवून निघा.